शूटिंग रेंजवर सुरक्षित कसे राहायचे? गोळी अडकली, चुकून सुटली किंवा कुणाला लागली तर काय करायचे?

1 ऑगस्ट 2024 रोजी स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात 451.4 गुणांसह कांस्यपदक जिंकले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा हा मुलगा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. त्याच मध्य रेल्वेच्या सोलापूर-पुणे मार्गावर करमाळा तालुक्यातले केम हे कुंकवासाठी ओळखले जाणारे गाव आहे. केमसारख्या गावातला मुलगा किंवा मुलगी बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात किंवा जवळपासच्या एखाद्या अकादमीत नेमबाजी शिकायला निघाली, की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो: यात धोका किती?

नियम पाळणाऱ्या रेंजवर धोका खूप कमी असतो. मात्र तो कमी राहतो तो एकाच सवयीमुळे. नळीचे तोंड कायम लक्ष्याच्या दिशेने. बंदूक रिकामी आहे असे वाटणे, चापावर नकळत बोट जाणे, काडतूस उशिरा पेटणे, यातले काहीही घडले तरी नळी लक्ष्याकडे असेल तर गोळी मातीच्या बांधात किंवा पेलेट पकडणाऱ्या पेटीत जाते. बाकीचे बहुतेक नियम याच सवयीला आधार देण्यासाठी आहेत. नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवायचे. बंदूक खाली ठेवताना ती उघडी आणि रिकामी ठेवायची आणि नळीत रंगीत सेफ्टी फ्लॅग घालायचा, म्हणजे लांबूनही ती रिकामी असल्याचे दिसते. कुणी पुढे लक्ष्याजवळ गेले असेल, तर बंदुकीला हातही लावायचा नाही.

रेंजवर लोड, स्टार्ट, स्टॉप, अनलोड हे हुकूम इंग्रजीतच दिले जातात. नवख्याने ते पहिल्याच दिवशी पाठ करावेत. 'स्टॉप' ऐकू आले की अर्धा दाबलेला चापही सोडायचा, 'एवढा एक शॉट' मारून घ्यायचा नाही. धोका दिसला तर कुणीही, अगदी कालच आलेल्या मुलानेही, 'स्टॉप' म्हणून ओरडावे.

सुरुवात बहुतेक वेळा 10 मीटर एअर रायफलने होते. तिचा 4.5 मिमीचा पेलेट साधारण अर्ध्या ग्रॅमचा असतो आणि सेकंदाला सुमारे 170 मीटर वेगाने जातो. डोळा कायमचा घालवायला एवढे पुरेसे आहे. म्हणून चष्मा हवाच, जत्रेतल्या फुगे फोडायच्या स्टॉलवरसुद्धा. तिथे मागची फळी टणक असेल तर छर्रा उलटून येतो आणि बाजूला उभ्या असलेल्या लहान मुलांच्या तोंडाशी येऊ शकतो. पॉइंट टू टू रायफलचे प्रकरण आणखी वेगळे. तिची गोळी मोकळ्या रानात दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, आणि आवाज क्षणभर 140 डेसिबलच्या आसपास पोहोचतो. त्यामुळे कानांचे संरक्षणही लागते.

एअर रायफलच्या सिलिंडरकडे फारसे कुणी बघत नाही. मोटारसायकलच्या टायरमध्ये हवेचा दाब साधारण दोन बार असतो, या सिलिंडरमध्ये तो 200 बार असतो. त्यावर छापलेली मुदत, साधारण 10 वर्षांची, संपली की सिलिंडर बदलायचा. जुनी रायफल स्वस्तात घेताना ही तारीख आधी पाहावी. भरताना जोडाला तेल किंवा ग्रीस लावू नये, दाबाखाली ते पेट घेऊ शकते.

आता बिघाड. चाप दाबला आणि गोळी सुटलीच नाही, तर बंदूक वळवून बघण्याचा मोह होतो. अपघात नेमका तिथे होतो, कारण काडतूस काही क्षणांनी पेटू शकते. नळी लक्ष्याकडेच ठेवून निदान 30 सेकंद थांबायचे, मोकळा हात वर करायचा आणि रेंज ऑफिसर येईपर्यंत काही उघडायचे नाही. आवाज नेहमीपेक्षा दबका आला, तर ते जास्त गंभीर. गोळी नळीतच अडकलेली असू शकते आणि मागून दुसरी सोडली तर नळी फुटू शकते. अशा वेळी पुढचा शॉट नाहीच.

रेंजबाहेरची सवय किती महत्त्वाची, हे 1 ऑक्टोबर 2024 रोजी मुंबईत दिसले. अभिनेता गोविंदा याच्या परवानाधारक रिव्हॉल्व्हरमधून घरीच गोळी सुटून त्याच्या पायाला लागली. आत काडतूस नसते, तर ते हत्यार हातातून निसटूनही फक्त आवाज करून थांबले असते. रील बनवणाऱ्यांची चूक निराळी: कॅमेऱ्याकडे रोखलेली बंदूक म्हणजे कॅमेरा धरलेल्या मित्राकडे रोखलेली बंदूक.

कुणाला गोळी किंवा छर्रा लागलाच, तर सर्वांनी गोळीबार थांबवून बंदुका रिकाम्या कराव्यात आणि 108 ला फोन करावा. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. रक्ताने भिजले तरी ते काढायचे नाही, वर दुसरे ठेवायचे. आत रुतलेला छर्रा चिमट्याने काढू नये. डोळ्याला लागले असेल तर चोळू, दाबू किंवा धुऊ नये. कागदी कपाने तो अलगद झाकून रुग्णालय गाठावे. 'आधी पोलिस, मग उपचार' असे कुणी म्हटले, तर 1989 च्या परमानंद कटारा खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लक्षात ठेवावा: जीव वाचवणे आधी, कागदपत्रे नंतर. पोलिसांना कळवण्याचे काम रुग्णालय करते.

हळूहळू होणारी इजा शिशाची. पेलेट आणि गोळ्या शिशाच्या असतात. कुंकू हाताला लागले की लाल दिसते, शिशाची धूळ दिसत नाही. रेंजवर खाणेपिणे टाळावे, निघताना गार पाण्याने आणि साबणाने हात धुवावेत, रेंजचे कपडे लहान मुलांच्या कपड्यांत मिसळू नयेत.

20 जूलपर्यंत ऊर्जा आणि 0.177 इंचापर्यंत नळी असलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. पण वरातीत किंवा मिरवणुकीत बेफिकिरीने बंदूक झाडल्यास 2019 च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकते. पॉइंट टू टूचे जिवंत काडतूस आठवण म्हणून घरी आणणेही महागात पडते, कारण विनापरवाना काडतूस बाळगणे हाच गुन्हा आहे. रेंज सोडताना खिसे आणि बॅग झटकून पाहावी.