पेंढ्यातून अन्न

पावसाळा अंगात मुरला की गोव्याच्या आणि कोकणच्या रानांत वारुळांवर अळंबी उगवते. काल जेथे मोकळी माती होती, तेथे आज पांढऱ्या छत्र्या उभ्या! वृक्षाला बी असते, गवताला असते. अळंबीचे बी मात्र डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच शतकानुशतके माणूस ती केवळ वेचून आणीत राहिला. वाळवी माणसापेक्षा शहाणी ठरली. चावून आणलेल्या पाल्यापाचोळ्यावर ती वारुळाच्या पोटात बुरशीची बाग लावते आणि त्या बागेवर जगते. टाकाऊ काडाचे अन्न करण्याची हीच विद्या माणसाने कशी मिळवली, तो इतिहास मोठा उद्बोधक आहे.

त्याचा आरंभ पॅरिसच्या परिसरात झाला. घोड्याच्या लिदीवर अळंबी पिकवण्याची तेथील माळ्यांची रीत तुर्नफोर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७०७ मध्ये वर्णन केली. एकोणिसाव्या शतकात ही लागवड शहराखालच्या दगडाच्या जुन्या खाणींत शिरली; तेथील गारवा व ओलावा तिला मानवला. परंतु बियाणे म्हणून जुन्या वाफ्यातील तंतूंनी भरलेली ढेकळेच वापरली जात आणि त्यांच्याबरोबर रोगही नव्या वाफ्यात येत. १८९३-९४ च्या सुमारास कोस्तांतँ आणि मात्रुशो यांनी निर्जंतुक पद्धतीने शुद्ध बियाणे तयार केले. पुढे १९३२ मध्ये अमेरिकेत सिंडेन यांनी निर्जंतुक केलेल्या धान्याच्या दाण्यांवर ते वाढवले. अळंबीला अखेर मुठीत धरता येईल असे बी लाभले.

तथापि ही युरोपीय अळंबी थंड हवेची. शिवाय तिला कुजवून सिद्ध केलेले खत लागते. भारताच्या उष्ण सपाटीवर तिचा निभाव लागणे कठीण होते. दक्षिण चीनमधील शेतकरी मात्र उन्हाळ्याच्या उबेत थेट भाताच्या पेंढ्यावर वेगळीच अळंबी पिकवीत आले होते. कोइंबतूर येथे के. एम. थॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४३ मध्ये तिची भारतातील पहिली लागवड साधली. त्याच वर्षी बंगालमध्ये लक्षावधी माणसे अन्नावाचून मरत होती, हे ध्यानी घेतले म्हणजे पेंढ्यातून अन्न काढण्याच्या खटपटीचे मोल कळते. पण ही अळंबी फार नाजूक. ती एक-दोन दिवसांत नासते, शीतपेटीतही टिकत नाही. त्यामुळे तिला दूरची बाजारपेठ लाभली नाही.

ही अडचण दूर केली धिंगरी अळंबीने. शिंपल्यासारख्या आकाराच्या या अळंबीची लागवड जर्मनीत फाल्क यांनी १९१७ मध्ये झाडांच्या बुंध्यांवर केली होती. म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्थेतील झकिया बानो आणि श्रीवास्तव यांनी १९६२ मध्ये तिच्या एका जातीला भाताच्या पेंढ्यावर आणले. हिमाचलातील सोलन येथे १९६१ पासून अळंबीचे संशोधन चालू होते. तेथे १९७४ मध्ये आणखी एक जात पिकवण्यात आली आणि १९८३ मध्ये या विषयाचे राष्ट्रीय केंद्रही उभे राहिले.

धिंगरीची रीत साधी आहे. पेंढा कापून भिजवावा, गरम पाण्याने शुद्ध करावा, निथळून बियाण्यासह पिशवीत थरांनी भरावा. दोन-तीन आठवड्यांत पांढरे तंतू सारा पेंढा व्यापतात आणि लवकरच पीक हाती येते. एक किलो कोरड्या पेंढ्यातून अर्धा किलो वा त्याहून अधिक ताजी अळंबी मिळते. तिच्यात नऊ-दशांश पाणीच असते. म्हणून ती डाळीची जागा घेईल असे मानू नये. परंतु जे काष्ठतंतू माणसाला मुळीच पचत नाहीत, त्यांतून ती काही प्रथिने माणसाच्या ताटात आणते, आणि उरलेल्या पेंढ्याचे उत्तम खत होते.

श्रोतेहो, पेंढा शेतकऱ्याच्या दारी पूर्वीही होता. उणीव होती ती शुद्ध बियाण्याची. आजही पंजाब-हरियाणात भाताचे काड शेतातच पेटवले जाते आणि त्याचा धूर दिल्लीपर्यंत पोहोचतो. सगळेच काड अळंबीला लागणार नाही, हे खरे. पण चांगले बियाणे खेड्यापर्यंत वेळेवर पोहोचले, तर त्यातील काही भाग तरी धुराऐवजी अन्न होऊन घरी येईल.