किराणा, ओल आणि विटाळ

२०२०च्या टाळेबंदीत बाजारातून आलेली पिशवी दाराबाहेर ठेवायची, दुधाची पिशवी साबणाने धुवायची, भाजी तासभर मिठाच्या पाण्यात बुडवायची, असे नियम घरोघरी लागू झाले. त्यांच्याबरोबर एक जुनी समजूतही नव्या जोमाने वर आली. आपल्या पूर्वजांना हे सारे ठाऊक होते, सोवळे-ओवळे म्हणजे जंतूंपासून बचावाचे शास्त्रच होते, असे शिकलेली माणसेही सांगू लागली. ही समजूत तपासून पाहिली पाहिजे, कारण ती चुकीच्या माणसांना श्रेय देते. अन्न निर्धोक राखण्याचे खरे ज्ञान मराठी घरांत होते आणि ते चांगले पारखलेले होते. पण ते सोवळ्याच्या नियमांत नव्हते. ते वाळवणात, कोठीत आणि बरणीत होते, आणि त्याचा रोख ओलीवर होता, कोणाच्या स्पर्शावर नव्हता.

चैत्र-वैशाखात वर्षाचे धान्य भरायचे, ते कडक उन्हात दोन-तीनदा वाळवायचे, दाण्याला दात लावून तो कटकन फुटतो का ते पाहायचे आणि मगच कणगीत ओतायचे, हा क्रम खेड्यापाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. धान्यातला ओलावा सुमारे बारा टक्क्यांवर आला की बुरशी धरत नाही आणि किडीची वाढही मंदावते, हे आता मोजून सांगता येते. तेव्हा ते दाताने कळत असे. तूरडाळीला एरंडेलाचा हात, कडधान्याला चाळलेली राख, तांदळात बिब्बे, गव्हात कडुनिंबाचा वाळलेला पाला, लोणच्यावर बोटभर तेल आणि बरणीत फक्त कोरडा चमचा. पापड, सांडगे, कुरडया, मेतकूट, भाजणी हे पावसाळ्याच्या तोंडावर होणारे सगळे पदार्थ पाणी काढून टाकण्याचेच प्रकार आहेत. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे तर या ज्ञानाचा कळस म्हणावीत. जमिनीत खोल खणलेला, तोंडाशी निमुळता आणि पोटात ऐसपैस असा खड्डा माल भरून वरून मातीने बंद केला की आतला प्राणवायू हळूहळू संपतो आणि कीड गुदमरून मरते. म्हणूनच पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचे नाही, हवा खेळू द्यायची, हा दंडक होता. तो न पाळणाऱ्यांचे जीव गेले आहेत. २००५च्या महापुरात पाणी शिरून तेथील पेवांचे मोठे नुकसान झाले. जी ओल बाहेर ठेवण्यासाठी ती खणली होती, तिनेच ती मोडली.

आता सोवळ्याकडे पाहू. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याचे वर्णन आहे. नाशिकजवळच्या जलालपूरच्या त्या घरात बाजारातून येणारे वाणसामानसुद्धा धुऊन घेतले जाई. धान्य धुऊन साठवणे म्हणजे बुरशीला आमंत्रण, पण तिथे प्रश्न धान्य टिकण्याचा नव्हताच. ते कोणाकोणाच्या हातांतून आले हा होता. हे टोकाचे उदाहरण आहे हे खरे. नेहमीच्या घरांतले नियम घेतले तरी उत्तर तेच येते. सुती वस्त्र रोज धुऊन वाळत घालावे लागे, पण रेशमी कद आणि लोकरीची धाबळी मुळातच सोवळ्यातली मानलेली. ती कितीही दिवस न धुता स्वयंपाकाला चालत. आजारी स्वयंपाक्याच्या हातचे चालत असे, पण निरोगी माणसाच्या सावलीने भात टाकून द्यावा लागे. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली दलितांनी पाणी घेतले, तेव्हा तळे बाटले म्हणून त्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. ती कशी, तर शेण, गोमूत्र, दूध आणि दही घातलेली १०८ मडकी तळ्यात ओतून. पिण्याच्या पाण्यात शेण कालवून जो आचार त्याला शुद्ध म्हणतो, त्याला जंतुशास्त्राचा पूर्वज म्हणणे शास्त्राचा आणि त्या माणसांचाही अपमान आहे.

यावर कोणी म्हणेल की उष्टे न खाणे, जेवणाआधी हातपाय धुणे, वरून धार सोडून पाणी पिणे, दूध-लोणी शिंक्यावर टांगणे यांत आरोग्य नव्हते काय? होते, निःसंशय होते. पण यातल्या बहुतेक सवयी सोवळे न पाळणाऱ्या घरांतही होत्या. शिंके उंदीर-मांजरापासून बचावासाठी होते आणि ते शेतकऱ्याच्या झोपडीतही दिसे. चांगली सवय आणि माणसाला दूर ठेवणारा नियम एकाच चुलीपाशी नांदले, एवढ्यावरून दोन्ही एकाच शहाणपणातून आले असे ठरत नाही.

सोवळ्याची सर्वांत कठोर परीक्षा मुंबईत झाली. सप्टेंबर १८९६मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेली धान्याच्या वखारींची वस्ती, आणि तिथे आधी उंदीर मरू लागले होते. सरकारने चुना फासला, गटारे कार्बोलिकने धुतली, लोकांच्या घरांत शिरून सामान बाहेर फेकले. पुण्यात अशाच जुलमाचा शेवट प्लेग अधिकारी रँडच्या वधात झाला. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी गेल्या. घाण आणि वास यांवर हल्ला करणारे सरकार आणि स्पर्श टाळणारे सोवळे, दोघांचेही लक्ष भलतीकडे होते. १८९८मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी उंदरावरच्या पिसवांकडे बोट दाखवले. १९०५पासून काम करणाऱ्या प्लेग संशोधन आयोगाने परळच्या प्रयोगशाळेत ते सिद्ध केले: पिसवांची उडी पोहोचणार नाही इतक्या उंचीवर टांगलेले गिनिपिग वाचले, जमिनीलगत ठेवलेले दगावले. रोग धान्याच्या पोत्यांमागून, उंदरांच्या पाठीवरून गावोगाव चालला होता. त्यापुढे कोणाचेही सोवळे उपयोगी पडले नाही. उपयोगी पडली असती ती उंदीर न शिरणारी कोठी.

मात्र जुन्या साठवणीचाही देव्हारा करू नये. बांबूच्या कणगीचा शेणमातीचा लेप उंदराने पोखरला की आतले धान्य त्याचेच होते. आणि पाऊस अवकाळी आला तर वाळवणाचा अनुभव हात टेकतो. १९७४च्या अखेरीस राजस्थान आणि गुजरातेतल्या आदिवासी पाड्यांत भिजलेला मका खाऊन यकृताच्या आजाराने शंभराहून अधिक माणसे मेली. बुरशीतून तयार होणारे अफ्लाटॉक्सिन हे विष धुऊन जात नाही, शिजवूनही पुरेसे नष्ट होत नाही. ही माणसे अडाणी नव्हती. त्यांच्याकडे दुसरा दाणा नव्हता. उलट आज हाताशी साधने असून आपण चुकीच्या जागी ती वापरतो. पृष्ठभागाला हात लागून करोना होण्याची शक्यता दर संपर्कामागे १०,०००त एकाहूनही कमी असते, असे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एप्रिल २०२१मध्ये सांगितले. त्याच काळात भाज्यांना साबण लावणाऱ्या घरांत उरलेला भात रात्रभर ओट्यावर राहत होता, आणि भातातले जिवाणूंचे बीज शिजवूनही मरत नाही, कोमट भातात ते वाढते. भाजी धुवायची ती चिरण्याआधी, साध्या वाहत्या पाण्यात. धुऊन ओलीच फ्रिजमध्ये कोंबली तर ती लवकर सडते. गव्हात विषारी गोळ्या टाकून झोपायच्या खोलीत पिंप ठेवण्यापेक्षा एक दिवसाचे कडक ऊन केव्हाही बरे.

३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर मराठवाड्यातल्या अनेक गावकऱ्यांनी भीतीने घरे सोडली आणि उघड्यावर झोपड्यांत मुक्काम केला. धान्य मागे घरांतच राहिले. पुढच्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावी गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले. त्या ओस घरांतल्या धान्यावर उंदीर आणि पिसवा माजल्या, हेच त्याचे कारण असावे असे तज्ज्ञांनी सांगितले.