व्हॅनिलाचा डबा

शेवट आधीच सांगून ठेवतो. चर्चमधल्या जेवणाला ८० माणसं आली. त्यांतल्या ७५ जणांना नंतर गाठता आलं आणि त्यांतले ४६ आजारी निघाले. मेलं कोणी नाही. तरीही साथीचा माग काढायला शिकणारे डॉक्टर जगभर आजही हेच प्रकरण गिरवतात.

बुधवार, १७ एप्रिल १९४०, दुपार. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात ऑस्वेगो नावाचा परगणा आहे, त्यातलं लायकॉमिंग हे गाव. दोन बहिणी उद्याच्या जेवणासाठी आइस्क्रीमचं मिश्रण करतायत. दूध घरच्या गोठ्यातलं. ते पाण्याच्या भांड्यात ठेवून उकळी येईपर्यंत तापवलं जातं. मग साखर, अंडी आणि दाटपणासाठी थोडं पीठ. व्हॅनिलाचं मिश्रण वेगळं, चॉकलेटचं वेगळं.

सायंकाळी ६. दोन्ही भांडी झाकण लावून चर्चच्या तळघरात पोचतात आणि रात्रभर तशीच राहतात.

रात्र. भांड्यांना कोणी हात लावत नाही, निदान तसं धरून चाललं जातं. दूध, साखर, अंडी आणि हाताशी सबंध रात्र. स्टॅफिलोकॉकस हा जंतू माणसाच्या नाकात, कातडीवर एरवीही असतो. अन्नात वाढला की तो विष सोडतो. नासलेलं दूध नाकाला कळतं. या विषाला ना वास ना चव. एकदा तयार झालं की ते उकळून सहजी जात नाही, गोठवूनही जात नाही.

गुरुवार, १८ एप्रिल, सकाळ. व्हॅनिलाच्या मिश्रणात ५ औंस इसेन्स आणि कंडेन्स्ड मिल्कचे २ डबे पडतात. चॉकलेटमध्ये ३ औंस आणि १ डबा. व्हॅनिला आधी गोठवण्याच्या यंत्रात जातं, २० मिनिटं. मग ते उकळत्या पाण्याने धुतलेल्या दुसऱ्या डब्यात भरतात. यंत्रातला डबा नळाच्या पाण्याने नुसता खंगाळून त्यातच चॉकलेट, तेही २० मिनिटं. दोन्ही डबे बर्फ भरलेल्या लाकडी पिंपांत जातात. उकळतं पाणी मिळालं ते व्हॅनिलाच्या डब्याला. लक्षात राहू द्या.

सकाळी ११. आठ वर्षांचा एक मुलगा व्हॅनिला आइस्क्रीम खातो. जेवणाला अजून सात तास आहेत.

दुपारी ३. मुलगा आजारी पडतो. एका पोराचं पोट बिघडलं, ही काही कुठे कळवण्याजोगी बातमी नव्हे. डबे बर्फातच राहतात.

सायंकाळी ६. जेवण सुरू होतं. भाजलेलं हॅम, पालक, कुस्करलेला बटाटा, कोबीचं सॅलड, पाव, केक, कॉफी, दोन्ही आइस्क्रीमं. बरंचसं घरोघरून आलेलं, सगळं एका टेबलावर मांडलेलं. ज्याने त्याने यावं, वाढून घ्यावं. दोन्ही आइस्क्रीमं काढायला डाव तोच.

रात्री ९ नंतर. पहिल्या पंगतीतल्या लोकांना मळमळ, उलट्या, जुलाब, पोटात कळा. ताप मात्र कोणालाच नाही. तळघरात जेवणं चालूच आहेत. ती ११ पर्यंत चालतात. बहुतेकांना मध्यरात्रीच्या अलीकडे-पलीकडे त्रास होतो. ज्यांची जेवणाची वेळ नंतर समजली, त्यांच्यात खाणं आणि पहिली कळ यांत ३ ते ७ तासांचं अंतर निघालं.

शुक्रवार, १९ एप्रिल. गावचा आरोग्य अधिकारी सिराक्यूजला जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे खबर देतो. तिथून साथरोगशास्त्र शिकत असलेला एक डॉक्टर पाठवला जातो.

सकाळी १०:३०. शेवटचा रुग्ण.

पुढचं काम चिकाटीचं. आजाऱ्यांना विचारणं सोपं असतं. या डॉक्टरने धडधाकट राहिलेल्या २९ जणांनाही विचारलं, काय काय खाल्लं? हॅमवर संशय कोणाचाही जाईल. पण हॅम खाल्लेल्या ४६ पैकी २९ आजारी, न खाल्लेल्या २९ पैकी १७. म्हणजे जवळपास सारखंच. व्हॅनिला खाल्लेल्या ५४ पैकी ४३ आजारी, न खाल्लेल्या २१ पैकी फक्त ३. हे तिघे कसे सापडले? बहुधा सामायिक डावामुळे.

प्रयोगशाळेत व्हॅनिलामध्ये स्टॅफिलोकॉकस भरपूर सापडला, चॉकलेटमध्ये तुरळक. आइस्क्रीम हाताळणाऱ्यांना तपासलं. जखम किंवा सर्दी कोणालाच नव्हती. जंतू १७ च्या संध्याकाळपासून १८ च्या सकाळपर्यंत कधीतरी शिरला असावा, इतकाच अंदाज बांधता आला. व्हॅनिलातच का, याचं उत्तर मिळालं नाही.

आजारी पडलेले सगळे २४ ते ३० तासांत बरे झाले. उरलेलं आइस्क्रीम खाण्यास अयोग्य ठरवण्यात आलं. जेवणातलं बाकी सगळं तोवर संपलं होतं.