लिनक्स लॅपटॉपवर रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरचा स्क्रीन अडखळतो तेव्हा काय तपासावं

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ न चालणारे जुने लॅपटॉप आपल्याकडे घरोघरी आहेत. कोणी गल्फहून येताना आणलेला, कोणी मुंबईतून सेकंडहँड घेतलेला. त्यावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकलं की मशीन पुन्हा कामाला लागतं. महाड-पोलादपूरच्या घरांत अशा लॅपटॉपला एक खास काम आहे, ते म्हणजे जुन्या कॅसेट संगणकात उतरवणं. हळदीला बायकांनी म्हटलेली कोकणी गाणी, आजोबांचा कुवेतहून टेप करून पाठवलेला आवाज, जुने बयान, नात. २२ जुलै २०२१ च्या पुरात सावित्री-गांधारीचं पाणी शहरातल्या घरांत शिरलं, त्यातून वाचलेल्या कॅसेट आता बुरशी धरतायत. अशी टेप आणखी किती वेळा वाजेल याची खात्री नसते. आणि नेमकं तेव्हाच ऑडॅसिटी किंवा आर्डरचा स्क्रीन अडखळायला लागतो. लाट सरकत नाही, बटण दाबलं की दोन सेकंदांनी हलतं. माणूस घाबरून टेप बंद करतो.

टेप लगेच बंद करू नका. स्क्रीन मंद असणं आणि रेकॉर्डिंग तुटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॉल डेव्हिस यांनी १९९९ च्या सुमारास लिहायला घेतलेलं आर्डर असो की ऑडॅसिटी, आवाज घेण्याचं काम आणि चित्र काढण्याचं काम आत वेगवेगळ्या धाग्यांवर चालतं, आणि आवाजाला अग्रक्रम असतो. त्यामुळे चित्र मागे राहिलं तरी फाइलमध्ये आवाज बहुतेक वेळा पूर्ण उतरलेला असतो. शंका असेल तर नको असलेली एखादी कॅसेट लावून दहा मिनिटं रेकॉर्ड करा, खिडकी मिनिमाइज करा आणि मग ऐका. आवाज सलग असेल तर दुखणं फक्त स्क्रीनचं. टकटक किंवा तुटकपणा ऐकू आला, किंवा आर्डरने एक्सरन मोजलेले दिसले, तर बफर वाढवा. कॅसेट उतरवताना आवाज लगेच परत ऐकू येण्याची गरजच नसते, म्हणून १०२४ किंवा २०४८ खुशाल ठेवा. कमी बफर म्हणजे चांगला आवाज, हा समज आपल्याकडे फार पसरलाय. त्यात तथ्य नाही. बफरचा संबंध उशिराशी आहे, दर्जाशी नाही.

एक परिस्थिती मात्र अशी आहे की मंद स्क्रीन आवाजालाही बाधतो. ग्राफिक्स चिप बाजूला पडून सगळं चित्र मुख्य प्रोसेसरच काढत असेल, तर चित्र आणि आवाज एकाच ताटात जेवायला बसतात. म्हणून पहिली तपासणी हीच. उबुंटूत सेटिंग्जमध्ये अबाउट उघडा, मिंटमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन, आणि ग्राफिक्ससमोर काय लिहिलंय ते बघा. तिथे इंटेल, एएमडी किंवा एनव्हिडिया असं चिपचं नाव असेल तर ठीक. पण ‘एलएलव्हीएमपाइप’ असा शब्द दिसला तर चोर सापडला. याचा अर्थ चिप वापरातच नाही, प्रोसेसर एकटा राबतोय.

असं का होतं? बरेचदा लिनक्स टाकताना स्क्रीन काळा पडतो, मग कोणीतरी ‘सेफ ग्राफिक्स’ किंवा ‘कंपॅटिबिलिटी मोड’ निवडून काम उरकतं. तेव्हा ‘नोमोडसेट’ नावाचा पर्याय लागू होतो. नो, मोड आणि सेट हे तीन इंग्रजी शब्द सलग लिहिलेले. तो नंतरही बूटच्या सेटिंगमध्ये राहून जाऊ शकतो, आणि मग वर्षभर लॅपटॉप लंगडतच चालतो. रूटच्या ईटीसी फोल्डरमध्ये डिफॉल्ट, आणि त्यात ग्रब नावाची फाइल असते. ती सुडोने उघडून तेवढाच शब्द काढा, सेव्ह करा, टर्मिनलमध्ये सुडो लावून अपडेट-ग्रब चालवा आणि रीस्टार्ट करा. फाइलची कॉपी आधी ठेवा. पुन्हा स्क्रीन काळाच पडला तर बूट मेनूत तो शब्द तात्पुरता परत घालून आत येता येतं.

एनव्हिडियाचं कार्ड असेल तर मिंटमध्ये ड्रायव्हर मॅनेजर, उबुंटूत ॲडिशनल ड्रायव्हर्स उघडून ‘रेकमेंडेड’ लिहिलेला ड्रायव्हर घ्या. फार जुन्या कार्डांची गोष्ट वेगळी. जीफोर्स ४०० आणि ५०० मालिकेसाठी ३९० हा शेवटचा ड्रायव्हर होता आणि त्याचा सपोर्ट २०२२ मध्ये संपला. तिथे नूव्हो हा मुक्त ड्रायव्हरच ठेवावा लागतो. लॅपटॉपमध्ये जोडीला इंटेलचीही चिप असेल तर सरळ तिच्यावर काम करा. कॅसेट उतरवायला तेवढी पुरते. सॉफ्टवेअर फ्लॅटपॅकमधून घेतलं असेल तर फ्लॅटपॅक अपडेटही चालवा, कारण त्याला एनव्हिडिया ड्रायव्हरची स्वतःची वेगळी प्रत लागते आणि ती सिस्टिमच्या ड्रायव्हरशी जुळावी लागते.

चिप नीट चालतेय आणि तरी स्क्रीन रखडतोय, तर एक सोपी परीक्षा घ्या. सॉफ्टवेअरची खिडकी पाव आकाराची करा. हालचाल सुधारली तर त्रास पिक्सेल रंगवण्याचा आहे. काहीच फरक पडला नाही तर त्रास प्लगइनचा, भरलेल्या मेमरीचा किंवा जुन्या हार्डडिस्कचा. ही परीक्षा एका मिनिटाची आहे आणि पुढचा अर्धा दिवस वाचवते.

पिक्सेलचा त्रास असेल तर आधी डिस्प्ले स्केलिंग बघा. अक्षरं मोठी दिसावीत म्हणून आपण १२५ टक्के करतो. लिनक्समध्ये अशा अपूर्णांकी स्केलिंगला अनेकदा चित्र आधी दुप्पट आकाराचं काढून मग आक्रसावं लागतं. जुन्या चिपला हे जड जातं. स्केलिंग १०० टक्क्यांवर आणा आणि आर्डरच्या प्रेफरन्सेसमध्ये अपिअरन्सखाली त्याचं स्वतःचं फाँट स्केलिंग आहे, ते वाढवा. ज्येष्ठ मंडळींना वाचता येईल इतकी अक्षरं तिथेही मोठी होतात. त्याच पानावर ग्राफिक्सचे आणखी दोन पर्याय आहेत. एक हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद करण्याचा, दुसरा चक्क ‘पॉसिबली इम्प्रूव्ह स्लो ग्राफिकल परफॉर्मन्स’ नावाचा. दुसरा पर्याय रंगांच्या छटा चिपकडून काढून घेणं बंद करतो, कारण काही ड्रायव्हर त्यातच अडकतात. दोन्ही एकदम लावू नका. एक लावा, आर्डर बंद करून उघडा, बघा, मग दुसरा. नावातच ‘पॉसिबली’ आहे, तेव्हा हमी कोणीच देत नाही.

आर्डरमध्ये प्लेहेड मध्यभागी स्थिर ठेवून मागचा पट सरकवण्याची सोय आहे. दिसायला छान, पण प्रत्येक क्षणी पूर्ण पट नव्याने काढावा लागतो. ती बंद ठेवा. ऑडॅसिटीतही पिन केलेलं प्लेहेड सोडवा, ट्रॅक्सच्या प्रेफरन्समध्ये ऑटो-स्क्रोल बंद करा आणि स्पेक्ट्रोग्राम न ठेवता साधा वेव्हफॉर्म ठेवा. मीटर सेकंदाला ३० वेळा बदलतं, ते १० वर आणलं तरी काही बिघडत नाही. एलएमएमएस वापरणाऱ्या मुलांनी स्मूथ स्क्रोल बंद करून बघावं. ऑडॅसिटी मुळातून शिकायची असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात तिचे धडे आहेत.

डेस्कटॉपचाही वाटा असतो. एक्सएफसीईमध्ये विंडो मॅनेजर ट्वीक्समध्ये कंपोझिटर बंद करता येतो. सावल्या आणि पारदर्शकपणा गेला तर जाऊ दे. उबुंटू २२.०४ किंवा २४.०४ वर लॉगिनच्या वेळी कोपऱ्यातल्या चक्रावरून ‘उबुंटू ऑन झॉर्ग’ निवडून फरक पडतो का ते बघा. उबुंटू २५.१० पासून हा पर्याय काढलाय.

मेमरी आणि गरमी या दोन गोष्टी सॉफ्टवेअरच्या बाहेरच्या आहेत. इंटेलची चिप स्वतंत्र मेमरी न वापरता लॅपटॉपच्याच रॅममधून वाटा घेते. ८ जीबीची एकच पट्टी असण्यापेक्षा ४-४ च्या दोन असतील तर स्क्रीन हलका चालतो. ब्राउझर बंद ठेवा हे वेगळं सांगायला नको. गरमीचं म्हणाल तर मे महिन्यात महाडला पंख्याखालीही लॅपटॉप तापतो, आणि तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. पहिली वीस मिनिटं ठीक आणि नंतर मंद, असा अनुभव असेल तर ड्रायव्हरच्या मागे लागू नका. पंख्यातली धूळ काढा, लॅपटॉप गादीवरून उचलून लाकडी टेबलावर ठेवा. वीज गेली आणि बॅटरीवर आलात की पॉवर सेव्हर आपोआप लागू शकतो, तोही बघा.

एवढं करूनही स्क्रीन रडतच असेल, आणि कॅसेट मात्र आजच उतरवायला हवी, तर चित्राशिवाय रेकॉर्ड करा. टर्मिनलमध्ये एरेकॉर्ड नावाची कमांड असते. बहुतेक सिस्टिममध्ये ती आधीच असते, नसेल तर अल्सा-युटिल्स या पॅकेजमधून मिळते. एरेकॉर्ड लिहून पुढे वजा एफ, जागा सोडून सीडी, पुन्हा जागा सोडून फाइलचं नाव आणि शेवटी डॉट वेव्ह, सगळं इंग्रजी छोट्या अक्षरांत. एंटर मारलं की सीडीच्या दर्जाचं स्टिरिओ रेकॉर्डिंग सुरू. कंट्रोल आणि सी दाबलं की बंद. नव्वद मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूची फाइल सुमारे ४७५ एमबी होते, तेव्हा डिस्कवर जागा बघून ठेवा. टेपरेकॉर्डरची वायर लॅपटॉपच्या एकाच भोकात जात असेल तर ते भोक बहुधा फक्त माइकचं, मोनो असतं. स्टिरिओसाठी यूएसबी साउंड कार्ड लागेल, तेही लाइन-इन असलेलं. रेकॉर्डिंग झालं की फाइलची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या. कापाकापी आणि खरखर काढणं सावकाश ऑडॅसिटीत उघडून करता येतं. तेव्हा स्क्रीन अडखळला तरी टेप पुन्हा वाजवायची वेळ येत नाही.