सक्तीचे रिकामपण आणि त्याची किंमत

इंग्लंडमध्ये ‘गार्डन लीव्ह’ नावाची एक प्रथा आहे. राजीनामा दिलेल्या माणसाला नोटिशीच्या मुदतीत पूर्ण पगार द्यायचा, पण त्याला कचेरीत येऊ द्यायचे नाही आणि प्रतिस्पर्ध्याकडेही जाऊ द्यायचे नाही. घरी बसून बागकाम करा, असा तिचा भावार्थ. या काळात त्याने दुसरे काम धरले तर? हा प्रश्न खासगी क्षेत्राचा वाटतो. पण प्रशासनात वावरताना त्याची भारतीय मुळे बरीच जुनी आहेत, असे मला आढळले.

१९८६ साली लंडनच्या ‘ईव्हनिंग स्टँडर्ड’चा उत्पादन व्यवस्थापक वर्षभराच्या नोटिशीचा करार असताना दोनच महिन्यांच्या नोटिशीवर नव्या प्रतिस्पर्धी दैनिकाकडे निघाला. मालकाने वर्षभराचा पगार देण्याची तयारी दाखविली आणि अपील न्यायालयाने त्याला तिकडे जाण्यास मनाई केली. १९९८ मध्ये मात्र त्याच न्यायालयाने विल्यम हिल खटल्यात दुसरी बाजू मांडली. ज्याचे कौशल्य कामातूनच टिकते, अशा माणसाला करारात तरतूद नसताना घरी बसविता येत नाही.

आपल्याकडे या विषयाचा पाया १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ ने घातला. व्यवसायाला प्रतिबंध करणारा करार त्या मर्यादेपर्यंत रद्दबातल, असे हे कलम सांगते. त्याचे मूळ डेव्हिड डडली फील्ड यांच्या न्यूयॉर्कसाठीच्या संहितेच्या मसुद्यात आहे. इंग्लंडमध्ये ‘बंधन वाजवी आहे का’ हे तपासले जाते. आपल्या कलमात त्या तपासणीला जागाच ठेवलेली नाही. १८८५ साली आसामच्या चहाच्या मळ्यावरून कलकत्ता उच्च न्यायालयात वाद गेला. नोकरी असेतोवर फक्त मालकाचेच काम करण्याचे बंधन चालेल, नोकरी संपल्यावर पाच वर्षे परिसरात चहा न पिकविण्याचे बंधन चालणार नाही, अशी विभागणी त्यातून पुढे आली. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीच रेघ ठळक केली. कल्याणच्या रेयॉन कारखान्यातील एक पर्यवेक्षक पाच वर्षांचा करार अर्ध्यावर टाकून कोट्याच्या प्रतिस्पर्धी कारखान्यात गेला होता. उरलेल्या मुदतीपुरती त्याच्यावरील मनाई न्यायालयाने कायम केली.

गार्डन लीव्ह नेमकी या रेघेवर उभी आहे. व्हीएफएस ग्लोबल कंपनीच्या खटल्यात (निर्णयसंग्रहात २००८) मुंबई उच्च न्यायालयाने पाहिले की, तीन महिन्यांचा पूर्ण पगार दिला तरी राजीनाम्यानंतर संपलेला सेवासंबंध त्यामुळे पुन्हा जिवंत होत नाही. म्हणून ते कलम प्रथमदर्शनी कलम २७ च्या विरुद्ध ठरले. नाव रजेचे असले, तरी सेवा खरोखर चालू आहे की नाही हे पाहावे लागते.

आता सरकारकडे वळू. १९२२ साली अमलात आलेल्या मूलभूत नियमांपैकी नियम ६९ रजेवरील कर्मचाऱ्याला पूर्वपरवानगीशिवाय दुसरी नोकरी पत्करू देत नाही. निलंबनात बंधन अधिक कडक आहे. नियम ५३ प्रमाणे निर्वाह भत्ता हवा असेल, तर आपण अन्य कोणतीही नोकरी, धंदा वा व्यवसाय करीत नाही, असे प्रमाणपत्र द्यावे लागते. भत्ता मात्र सुरुवातीला अर्धवेतनी रजेच्या वेतनाइतका, अधिक त्यावरील महागाई भत्ता. तीन महिन्यांनंतर विलंब कर्मचाऱ्यामुळे झाला नसेल, तर तो निम्म्याने वाढविता येतो.

या व्यवस्थेची पराकाष्ठा महाराष्ट्रातच झाली. फौजदारी न्यायालयात दोषी ठरलेल्या निलंबित कर्मचाऱ्याला अपील प्रलंबित असताना महिना एक रुपया निर्वाह भत्ता देणारा नियम मुंबई नागरी सेवा नियमांत होता. १९८३ साली चंद्रभान ताले खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. एका रुपयात कोणाचाही निर्वाह होत नाही, हे सांगायला देशाचे सर्वोच्च न्यायालय लागले!

निष्ठा पगाराबरोबर चालते, हे तत्त्व मला मान्य आहे. दोन मालकांची चाकरी एकाच वेळी नको. पण दुसऱ्याचे हात रिकामे ठेवायचे असतील, तर त्या रिकामेपणाची किंमतही आपणच मोजली पाहिजे. लंडनच्या वृत्तपत्राने पूर्ण पगार मोजला. आपण मात्र दोष सिद्ध न झालेल्या माणसाला अर्ध्यावर बसवितो, दुसरी भाकरी शोधायची बंदी घालतो आणि चौकशीची फाईल कपाटात ठेवतो. निलंबनाच्या आदेशावर सही करणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने चौकशी संपविण्याची तारीखही त्याच दिवशी मनाशी लिहून ठेवावी. ते त्याचे कर्तव्यच आहे.