पंचगंगा खोऱ्यातील जैन धर्म : उदय, ओहोटी आणि टिकाव

प्रस्तावना

शिलाहारांच्या आश्रयाने वाढलेला जैन धर्म त्यांच्या अस्ताबरोबर मावळला, असे कोल्हापूर परिसराविषयी सर्वसाधारणपणे म्हटले जाते. या विधानातून येथील शेतकरी जैन समाजाचे आजचे अस्तित्व उलगडत नाही. त्यासाठी कोरीव लेखांतील दात्यांकडे लक्ष द्यावे लागते.

उदय

कोल्हापूरचे शिलाहार महालक्ष्मीचे उपासक होते; तथापि त्यांचे धोरण उदार होते. गंडरादित्याने 'गंडसमुद्र' तलावाच्या काठी शिव, बुद्ध व जिन या तिघांचीही स्थापना करून जमिनी दान दिल्या. त्याचा सामंत निंबदेव याने कोल्हापुरात रूपनारायण बसदी उभारली. निंबदेवाने बाजारपेठेत बांधलेल्या पार्श्वनाथ मंदिराला व्यापारी संघाने मालावरील करांचे उत्पन्न लावून दिल्याचे शके १०५८ (इ. स. ११३५) च्या लेखावरून दिसते. इ. स. १२०५ मध्ये दुसऱ्या भोजाच्या राज्यात आजरे येथील जिनालयात सोमदेवाने 'शब्दार्णवचंद्रिका' हा व्याकरणग्रंथ पूर्ण केला.

राजा, सामंत व व्यापारी यांच्याशिवाय आणखी एक दाता आढळतो. कागलजवळील बामणीच्या शके १०७३ (इ. स. ११५०) च्या लेखात मंदिर बांधणारा कामगावुंड आहे. 'गावुंड' म्हणजे गावचा प्रमुख. धर्माचे मूळ गावगाड्यात पोहोचल्याची ही खूण होय.

ओहोटी

इ. स. १२१२ च्या सुमारास यादव सिंघणाने भोजाचा पराभव केला आणि राजाश्रय संपला. तत्पूर्वीच बाराव्या शतकात कल्याण येथे बसवेश्वरांच्या नेतृत्वाखाली वीरशैव चळवळ उभी राहिली होती. ज्या व्यापारी वर्गाच्या करांवर बसद्यांचा खर्च चाले, त्याच वर्गात ती पसरली. पुढे वारकरी भक्तिपंथाने लोकभाषेतून ग्रामीण मनाची पकड घेतली. मुनींचा आहार, पूजा व जीर्णोद्धार नियमित दानावर अवलंबून असल्याने उत्पन्नाचे झरे आटताच बसद्या ओस पडणे स्वाभाविक होते.

टिकाव

असे असूनही शेती करणारी जैन कुटुंबे गावातच राहिली. पाटील, चौगुले अशी त्यांची आडनावे गावगाड्यातील स्थान सांगतात. इ. स. १८९९ मध्ये स्थापन झालेली दक्षिण महाराष्ट्र जैन सभा याच समाजाची. 'रयत शिक्षण संस्थे'चे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म १८८७ मध्ये कुंभोज येथे अशाच जैन कुटुंबात झाला.

निष्कर्ष

ओहोटी लागली ती दरबार व बाजारपेठ यांच्या आश्रयाला. नांगराशी जोडलेली श्रद्धा टिकून राहिली. जैन म्हणजे व्यापारी, या रूढ समजुतीमुळे या शेतकऱ्यांचा इतिहास दुर्लक्षित राहतो. केवळ राजवंशांच्या कालक्रमावरून धर्माचा ऱ्हास ठरविणे म्हणूनच अपुरे ठरते.