पाळण्यातून उतरणारे मूल

जबलपूरहून कटनीकडे निघाले की सुमारे 40 किलोमीटरांवर सिहोरा लागते. मराठ्यांच्या इतिहासात या गावाचे नाव ठळकपणे येत नाही. पण हा मुलूख मराठी माणसाला परका नाही. 1781 मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडल्याचे राज्य घेतले, 1798 मध्ये ते नागपूरकर भोसल्यांकडे आले, आणि 1818 पर्यंत त्यांचा अंमल येथे चालला. पुढे 1861 मध्ये मध्य प्रांत झाला. नागपूर आणि जबलपूर एकाच कारभाराखाली आली, ती थेट 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत. या जवळजवळ शंभर वर्षांत वऱ्हाड-नागपूरकडचा कारकून, मास्तर किंवा ओव्हरसियर बदलीच्या हुकुमाबरोबर सिहोऱ्यासारख्या तहसिलीच्या गावी जाऊन पडे. मागाहून बिऱ्हाड येई. देव, तांब्यापितळेची भांडी, वळकट्या, आणि घरात तान्हे असेल तर पाळणा.

पाळणा येई, पण त्याच्यामागे जे घर उभे असे ते मात्र मागेच राही. ही गोष्ट लहान वाटते. परंतु मूल रांगू लागले, धरून उभे राहू लागले, की तिचे मोल कळे. पाळण्याचा इतिहास पुष्कळांनी गायिला आहे. पाळण्यातून बाहेर पडणाऱ्या मुलाचा इतिहास मात्र कोणी फारसा मांडलेला नाही, आणि आईची खरी कसोटी तर तेथेच लागते.

आपला पाळणा म्हणजे लाकडाची चौकट, चार बाजूंचे बुटके कठडे, चार कोपऱ्यांचे दोर किंवा साखळ्या आणि आढ्याला ठोकलेली कडी. बाराव्या दिवशी मूल त्यात घातले जाते तेव्हा त्याच्याइतकी सुरक्षित जागा घरात दुसरी नसते. जमिनीची ओल नाही, मुंगी-विंचवाचे भय कमी, आणि स्वयंपाकघरात बसूनही दोरी ओढता येते. पण ही सारी रचना निजलेल्या मुलासाठी आहे. निजलेल्या मुलाचा भार मध्यावर असतो. मूल काठ धरून उभे राहिले की तोच भार कडेला येतो, आणि टांगलेली चौकट त्या बाजूस कलते. आधारासाठी धरलेला काठच खाली जातो. लुगड्याच्या झोळीची गत याहून वेगळी नाही. म्हणून जाणत्या घरांत मूल बसते झाले, कठडा धरून ओढ घेऊ लागले, की पाळणा मोडून ठेवीत आणि मुलाला आईशेजारी जमिनीवर गोधडीत निजवीत. ज्याला खाली पडायला उंचीच नाही ते पडणार कोठून? या साध्या तोडग्याचे श्रेय कोणा शास्त्रकाराला देता येत नाही; ते आज्यांचे आहे.

अर्थात जमिनीवरचे मूल निजून थोडेच राहते? मग उंबरठा उपयोगी पडे, पायांतले घुंगुरवाळे उपयोगी पडत. घुंगुरवाळ्यांना आपण दागिना समजतो; परंतु मूल माजघरातून परसदाराकडे वळले, याची पहिली वर्दी तेच देत. पांगुळगाडा चालायला शिकवी. आणि या सर्वांवर आजी, आत्या, थोरली बहीण, कोणा ना कोणाची नजर असे. सिहोऱ्याच्या भाड्याच्या घरात उंबरठा होता, घुंगुरवाळे होते. ही नजर मात्र एकट्या आईची होती, आणि तिला चुलीपुढेही बसावयाचे होते, आडावरही जावयाचे होते.

अशा वेळी कोणत्याही आईला सुचते ते दोरखंड. त्याची सर्वांत प्रसिद्ध कथा भागवताच्या दशम स्कंधात आहे. बाळकृष्ण उखळ पालथे घालून त्यावर चढला, आणि हाती आलेले लोणी माकडांना वाटू लागला. यशोदेने त्याला त्याच उखळाला बांधावयाचे ठरविले. दोरी दर वेळी दोन बोटे कमी पडली. अखेर बांधला, तर उखळ ओढीत तो दोन अर्जुनवृक्षांमध्ये शिरला आणि वृक्ष उन्मळून पडले. भक्तांनी या कथेत भगवंताची लीला पाहिली, ती योग्यच आहे. पण कथा रचणाऱ्याने मूलही नीट पाहिलेले होते. हाताशी येईल ती वस्तू पायरी करावयाची, आणि बांधले तर बांधलेल्या वस्तूसह निघावयाचे, हा अनुभव गोकुळापुरता नाही.

आपल्या वैद्यांनीही या वयाची दखल घेतली होती. चरकसंहितेच्या शारीरस्थानात बालकाच्या खोलीचे आणि खेळण्यांचे वर्णन आहे. खेळणी जड नसावीत, टोकदार नसावीत, तोंडात जातील एवढी लहान नसावीत, मूल घाबरेल अशी नसावीत, असे तेथे सांगितले आहे. आजच्या कारखानदाराला ही यादी तशीच पाठवावी.

युरोपाने निराळी वाट धरली. इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियम नगरात कोळसा झालेला लाकडी पाळणा सापडला आहे. म्हणजे डुलता पाळणा तेथेही जुनाच. पुढे शतकानुशतके तेथे मूल पट्ट्यांनी गुंडाळून पाळण्याला जखडून ठेवण्याची रीत होती. 1762 मध्ये रूसोने आपल्या ‘एमिल’ या ग्रंथात या जखडण्याला कडाडून विरोध केला. मूल सुटे झाले, तेव्हा त्याच्याभोवतीचा कठडा उंच करणे आले. एकोणिसाव्या शतकात लोखंडी गजांच्या उंच कठड्याच्या खाटा प्रचारात आल्या, आणि साहेबांच्या बंगल्यांतून, इस्पितळांतून त्या आपल्याकडेही दिसू लागल्या.

कठड्याने पडणे थांबविले, पण नवे धोके आणले. गजांमधून अंग निसटून डोके अडकू लागले; म्हणून अमेरिकेने 1973 मध्ये नियम करून दोन गजांतील अंतर सुमारे 6 सेंटिमीटरांहून अधिक नसावे असे ठरविले. खाली सरकणारी बाजू आईच्या कमरेला सोयीची होती. ती निखळून निर्माण झालेल्या फटीत मुले सापडली, 2000 नंतरच्या दहा वर्षांत 30 हून अधिक बालके दगावली, आणि 2011 मध्ये अशा खाटांवर तेथे बंदी आली. मऊ गाद्यांची झालर डोके आपटू नये म्हणून लावीत. तिच्यात गुदमरण्याचे भय, शिवाय मोठे मूल तिच्यावर पाय देऊन वर चढे. तीही 2022 मध्ये कायद्याने गेली. यशोदेचे उखळ येथे पुन्हा भेटते.

आता तेथील जाणकार काय सांगतात? मूल उभे राहू लागण्यापूर्वीच गादी सर्वांत खालच्या पातळीवर आणावी. खाटेत मोठी खेळणी, उशा ठेवू नयेत. वरून जाळी किंवा तंबू बांधू नये, कारण त्यात मूल गुंतते. खाट खिडकीपासून व पडद्याच्या दोऱ्यांपासून दूर असावी. आणि मुलाची उंची सुमारे 90 सेंटिमीटर झाली, किंवा त्याआधीच ते कठडा ओलांडू लागले, तर कठडा उंच करीत बसू नये. खाटच सोडावी, जमिनीलगतचे अंथरूण द्यावे, आणि ती सारी खोलीच पाळणा समजून नीट करावी. कपाटे भिंतीला पक्की करावी, जिन्याच्या तोंडाशी फाटक लावावे. दोन शतके कठडा वाढवीत गेलेली विद्या फिरून गोधडीपाशी आली आहे. आपण मात्र याच काळात गोधडी सोडून शहरांतल्या दुकानांतून कठड्याच्या खाटा आणू लागलो, आणि त्यांच्याबरोबर आजी आली नाही.

सिहोऱ्याच्या उत्तरेस, कटनीच्या वाटेवर स्लीमनाबाद आहे. ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या स्लीमनसाहेबाच्या नावाचे हे गाव. साहेबाला मूल नव्हते, त्याने जवळच्या देवळात नवस बोलला आणि मुलगा झाला, असे तेथील लोक सांगतात. नवसाने मूल लाभते अशी श्रद्धा असलेला आपला समाज देवाला लहानसा पाळणाही वाहतो. त्या पाळण्यातून उठून आडाकडे निघालेल्या पोराचे पुढे काय करावे, हे मात्र नवसात बोललेले नसते.

तहसिलीच्या गावातील बिऱ्हाडकरू आईने ते आपल्यापुरते सोडविले. परसदाराला आडणा घातला, आडावर फळ्या टाकल्या, शेजारच्या बुंदेली बोलणाऱ्या म्हातारीला अम्मा म्हणून हाक मारली आणि मूल तिच्या ओसरीवर नेऊन ठेवले. पाळण्याचे दोर सोडून गुंडाळले, चौकट माळ्यावर चढविली. पुढल्या बदलीत ती पुन्हा रेल्वेच्या मालडब्यात पडे, किंवा धाकट्या जावेकडे बारसे निघाले तर नागपूरच्या वाटेस लागे.